गोडाउनात फिल्मचा डबा सापडला – कंपनीची फिल्म का सरकारी?

पारोळेकर
नमस्कार मंडळी. आमचं पारोळ्यात जुनं किराणा दुकान होतं, आता बंदच आहे. मागचं गोडाऊन पाडायचं म्हणून सामान काढत होतो तर तराजू, वजनं, डालड्याचे रिकामे डबे असल्या भंगारात एक चपटा गोल पत्र्याचा डबा निघाला आणि आत फिल्मचं रीळ. डब्यावर गंज इतका की फक्त पेंटने लिहिलेलं "मराठी" एवढंच दिसतं, बाकी काही नाही. उघडल्या उघडल्या असा आंबट वास आला की पोरगं पळूनच गेलं.

आता नाना म्हणतात की त्यांच्या लहानपणी बाजाराच्या दिवशी कंपनीची गाडी यायची, अंधार पडला की पडदा बांधायचे आणि फुकटात फिल्म दाखवायचे, त्यात कारखाना, शेतकरी, चुलीपाशी बाई असं काय काय असायचं, आणि गाडीवाले चहापाण्याला आमच्याच ओट्यावर. आई म्हणते कसली कंपनी, ती सरकारी गाडी, कुटुंब नियोजनवाली. दोघांचं जेवताना रोज चालू आहे. तर प्रश्न असा की अशा फिल्म कंपन्या खरंच काढायच्या का, का सगळं सरकारीच असायचं, आणि ही आपली कोणती हे कसं ओळखायचं? लावून बघायची तर मशीन कुठे मिळेल?

रिळवाला_भुसावळ
भाऊ सगळ्यात आधी, मशीनवर लावू नका. कोणी म्हटलं माझ्याकडे प्रोजेक्टर आहे आणा, तरी नाही. कारण खाली सांगतो.

मी तरुणपणी भुसावळला थेटरात ऑपरेटरच्या हाताखाली होतो म्हणून थोडं माहीत आहे. तुमचे नाना पण बरोबर आणि आई पण बरोबर, दोन्ही प्रकारच्या गाड्या फिरायच्या. सरकारी म्हणजे फिल्म्स डिव्हिजन, १९४८ साली सुरू झाली, त्यांच्या फिल्म आणि न्यूजरील प्रत्येक थेटरात मेन पिक्चरच्या आधी लावणं लायसनच्या अटीतच होतं, वरून थेटरवाल्याला त्याचं भाडंही भरावं लागायचं म्हणून मालक कुरकुरायचा आणि पब्लिक तेवढ्यात बिडी ओढून यायचं. ही सक्तीसुद्धा इंग्रजांनी युद्धाच्या काळात सुरू केलेली, १९४३ च्या आसपास, आपल्या सरकारने तीच पुढे चालवली. खेडोपाडी मग सरकारच्या प्रचार खात्याच्या गाड्या यायच्या १६ एमएमचं मशीन घेऊन, आईंना ती आठवत असेल.

दुसरा प्रकार म्हणजे साबण-तेल-पावडरची छोटी जाहिरात, दोनतीन मिनिटं, ती इंटरवलला काचेच्या स्लाइडांच्या जोडीला चालायची. आणि तिसरा प्रकार लोक विसरलेत तो म्हणजे कंपनीने पैसे देऊन काढलेला पूर्ण माहितीपट, दहा मिनिटं, वीस मिनिटं, कधी अर्धा तास. यात गंमत अशी की मालाचं नाव जवळजवळ नसायचंच, सुरुवातीच्या पाटीवर कंपनीचं नाव आलं की संपलं. बर्मा शेल तर घासलेट-पेट्रोल विकणारी कंपनी, पण १९५० च्या दशकात त्यांनी स्वतःचं फिल्म युनिट ठेवलं होतं, कॅनडाहून जेम्स बेव्हरिज नावाचा माहितीपटवाला माणूस आणून बसवला होता त्यावर, आणि त्यांनी बंगालमधल्या पंचथुपी नावाच्या एका खेड्यावर अख्खी फिल्म काढली. आता खेडं दाखवून घासलेट कसं खपणार असं वाटेल, पण त्यांचा हिशोब लांबचा होता.

टाटा स्टीलवरची फिल्म तर ऐकून थक्क व्हाल, हरिसाधन दासगुप्ता दिग्दर्शक, लिखाण सत्यजित राय यांचं, कॅमेरा फ्रान्सच्या क्लोद रन्वारचा, संगीत रविशंकर. पोलादाच्या भट्टीवरच्या फिल्मला एवढी मंडळी! त्या काळी माहितीपटवाल्यांना पैसे दोनच ठिकाणी मिळायचे, सरकारकडे नाहीतर कंपनीकडे, त्यामुळे चांगली चांगली माणसं या कामात होती.

कळण्याची_भाकर
भंगारवालाले देऊ नको भो, मी सांगी ठेवस. मन्हा आजा बी सांगे, गाडी उनी की पूरा गाव वट्टावर बठे, कोन्ही घर ना जाये. फिल्म कोणाची हे कोण बघतं, हलतं चित्र दिसलं म्हणजे झालं.

जळगावची_लेक
रिळवाले काका माहिती छान, पण एवढं कौतुक करू नका. कंपनी उगाच खेडं दाखवत नाही. बाईला चुलीचा धूर दाखवायचा, मग हळूच स्टोव्ह दाखवायचा, म्हणजे घासलेट आपोआप खपतं, त्याला नाव घ्यायची गरज काय? वनस्पती तुपाचं तसंच. डालडा १९३७ ला आला, आणि पुढच्या एकदोन वर्षांतच त्यांच्या जाहिरात एजन्सीने थेटरात दाखवायला फिल्म, रस्त्यावर फिरायला डब्याच्या आकाराची गोल गाडी, आणि लोकांना चाखायला, वास घ्यायला स्टॉल असं सगळं एकदम उतरवलं. ज्या घरात तूप म्हणजे लोणकढं हेच माहीत तिथे कारखान्यातलं तूप शिरवायचं होतं ना, ते नुसत्या पेपरातल्या जाहिरातीने होत नाही, वाचणारे किती होते तेव्हा? पडद्यावर मात्र न वाचता येणारी बाईसुद्धा बघू शकते.

आणि फिल्ममध्ये कायम पदर डोक्यावर घेतलेली हसरी गृहिणी, नवरा ऑफिसातून येतो, पोरं खूश. शेतात निंदायला जाणारी आमची आजी त्यात कुठेच नाही, ती फक्त "आधी"च्या भागात, धुरात डोळे पुसताना. आज त्याच वनस्पतीतल्या ट्रान्स फॅटवर (हृदयाला वाईट अशी चरबी) २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा घालावी लागली. हे त्या फिल्ममध्ये कोण सांगणार होतं?

अंमळनेरी
ताई तुमचं पटतं पण वनस्पतीला नुसतं बाहेरचं भूत समजू नका, आपल्या खान्देशाचं पोटच त्यावर होतं. अंमळनेरला १९४५ ला वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स निघाली, तीच आजची विप्रो. का तर इथे भुईमूग मुबलक. शेंगदाण्याच्या तेलात निकेलच्या मदतीने हायड्रोजन सोडला की ते थंड झाल्यावर तुपासारखं थिजतं, त्याचं "सनफ्लॉवर" नावाचं वनस्पती तूप, आणि त्याच धंद्याच्या जोडीला ७८७ नावाचा कपडे धुवायचा साबण. शेतकऱ्याच्या शेंगेला गिऱ्हाईक मिळालं, गावाला पगार मिळाला, आणि ज्यांनी तेव्हा शेअर घेऊन ठेवले त्यांचं तर विचारूच नका, अंमळनेरात चहाच्या टपरीवर पण त्याच गप्पा.

फसवणुकीचं म्हणाल तर ती कंपनीच्या फिल्मपेक्षा दुकानात जास्त व्हायची (पारोळेकर भाऊ राग मानू नका), तुपात वनस्पती मिसळून. म्हणून तर सरकारने वनस्पतीत ५ टक्के तिळाचं तेल घालणं सक्तीचं केलं होतं, कारण तिळाच्या तेलाची तपासणी केली की गुलाबी रंग येतो आणि भेसळ पकडली जाते. यावर कोणी फिल्म काढली असती तर मी दोनदा बघितली असती.

जुनं_ते_बघू
या फिल्मांचं खरं माहेरघर अमेरिका. डेट्रॉइटला जॅम हॅंडी नावाच्या माणसाची कंपनी होती, गडी ऑलिंपिकचा पदकवाला पोहणारा, त्याने मोटार कंपन्यांसाठी फिल्मांचा कारखानाच काढला. शेवरोलेसाठी १९३६ ला काढलेली मास्टर हॅंड्स बघा, अर्धा तास नुसती मशीनं, कामगारांचे हात आणि मागे वाद्यवृंद, निवेदन नाहीच. याच्या उलट जनरल मोटर्सची १९५६ ची एक आहे, त्यात उद्याचं स्वयंपाकघर दाखवलंय, बाई मशीनमध्ये रेसिपीचं कार्ड टाकते आणि स्वतः नाचायला-खेळायला मोकळी, मागे केक तयार, वर मेणबत्त्या पेटलेल्या! त्याच साली आपल्याकडे बायका जात्यावर दळत होत्या.

असल्या फिल्मा काम झालं की कचऱ्यात जायच्या. रिक प्रेलिंगर नावाच्या माणसाने १९८० च्या दशकात त्या गोळा करायला घेतल्या, २००२ ला त्याचा मोठा संग्रह तिथल्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने घेतला, आणि हजारो फिल्म इंटरनेट आर्काइव्ह या वेबसाइटवर फुकट बघायला आहेत. आपल्याकडे असं गोळा करणारं फारसं कोणी निघालं नाही, म्हणून तुमच्या डब्याला किंमत. पैशात म्हणत नाही, तिथे फार आशा ठेवू नका.

रिळवाला_भुसावळ
हां आता डब्याचं. आंबट वास म्हणजे फिल्मची पट्टी ज्या ॲसिटेट नावाच्या प्लास्टिकची असते ते सडायला लागलंय, त्यातून व्हिनेगरचं ॲसिड सुटतं, फिल्म आकसते, वाकडी होते, आणि भोकं मशीनच्या दात्यांवर बसत नाहीत म्हणून प्रोजेक्टरवर टराटरा फाटते. एकदा सुरू झालं की थांबत नाही, उन्हाने वाढतं, आणि आपल्याकडचा मे महिना माहीतच आहे. प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधू नका, घरातल्या सगळ्यात गार कोरड्या कोपऱ्यात ठेवा, दुसरं रीळ असेल तर त्यापासून लांब, हे लागट असतं.

ओळखायचं असं. पट्टीची रुंदी मोजा. १६ मिलिमीटर असेल तर गाडीवर दाखवायची, ३५ असेल तर थेटरातली. ३५ असेल तर काडीपेटीपासून दूर ठेवा, १९५० च्या आसपासपर्यंत नायट्रेटची फिल्म यायची, ती पेटली की पाण्यानेही विझत नाही. १६ ला ती भीती नाही. १६ ला भोकं एकाच बाजूला असतील तर बहुतेक बोलकी, दुसऱ्या कडेला आवाजाची नागमोडी रेघ दिसते का बघा. कोडॅकची पट्टी असेल तर कडेला बारीक गोल, चौकोन, त्रिकोण अशा खुणा असतात, त्यावरून पट्टी कोणत्या साली बनली ते निघतं, फक्त त्याच खुणा २० वर्षांनी परत यायच्या त्यामुळे अंदाज वापरावा लागतो. १६ चं ४०० फुटाचं रीळ म्हणजे ११ मिनिटं. सुरुवातीचे हातभर फ्रेम ट्यूबलाइटसमोर धरले तरी पाटी वाचता येईल, बोटं कडेलाच लावा. पुढे पुण्याच्या फिल्म संग्रहालयाला फोटो पाठवून विचारा.

पारोळेकर
सगळ्यांचे आभार, अंमळनेरी भाऊ राग नाही, आमचे आजोबा तूप विकतच नव्हते 😄

मोजलं, १६ आहे. भोकं एका बाजूला, दुसऱ्या बाजूला रेघ आहे. कडेला चौकोन आणि त्रिकोण दिसतात, फोटो उद्या टाकतो. पहिला हातभर तुकडा इतका चिकटलाय की सोडवायची हिंमत झाली नाही, त्याच्या पुढचं थोडं दिसलं, विहिरीवर इंजिन चालू आहे, पाणी पाटात पडतंय आणि फेटेवाला माणूस हात दाखवून काहीतरी समजावतोय. नाना म्हणतात बघ इंजिन, कंपनी. आई म्हणते पाणी पाजायचं सरकार पण शिकवायचंच की. पाटी आहे ती नेमकी चिकटलेल्या भागात. धुळे, जळगावकडे कोणाकडे हाताने रीळ उलगडायचं टेबल असेल तर सांगा, उन्हाळ्याच्या आत करायचंय.