मदत हवी आहे: सिंदखेडराजा ते भामरागड सायकलप्रवास आणि मागच्या चाकाचे वारंवार तुटणारे स्पोक

नमस्कार मंडळी,

मी यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. येत्या दिवाळीच्या सुटीत विदर्भ आडवा पार करायचा, म्हणजे बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेडराजाहून निघून गडचिरोली जिल्ह्यातील भामरागडपर्यंत सायकलने जायचे, असे मी आणि माझ्या एका सहकारी शिक्षिकेने ठरवले आहे. लोणार, वाशीम, कारंजा, दारव्हा, यवतमाळ, वणी, वरोरा, चंद्रपूर, मूल, गडचिरोली, चामोर्शी, आष्टी, आलापल्ली असा मार्ग असून तो एकूण सातशे किलोमीटरच्या आसपास भरतो. रोज सत्तर किलोमीटर धरले तर दहा दिवस लागतील आणि दोन दिवस हाताशी राखून ठेवता येतील. वरोऱ्याचे आनंदवन आणि भामरागडजवळचे हेमलकसा ही दोन ठिकाणे एकाच प्रवासात स्वतःच्या पायांच्या बळावर गाठावीत, ही माझी फार जुनी इच्छा आहे. बाबा आमट्यांच्या भारत जोडो अभियानात 1985 साली कन्याकुमारीहून काश्मीरकडे तरुण मुले-मुली सायकलींवर निघाली होती, हे मी शाळकरी वयात वडिलांकडून ऐकले आणि ते तेव्हापासून मनात आहे.

तयारी गेल्या उन्हाळ्यापासून चालू आहे. पंक्चर काढणे, चेन तोडून जोडणे, ब्रेकचे रबर बदलणे हे सारे आम्ही दोघी शिकलो. बाभळीच्या काट्यांचे भय आता राहिलेले नाही. दिग्रसच्या एका सायकलमिस्त्रीकाकांनी त्यावर एक साधा उपाय शिकवला. पंक्चर काढल्यावर टायरच्या आतून बोट फिरवू नये, कापसाचा बोळा फिरवावा. मोडून आत रुतलेले काट्याचे टोक डोळ्यांना दिसत नाही आणि बोटाला लागतेच असे नाही, पण कापसाचा तंतू त्यात हमखास अडकतो. आमच्याकडे कापूस कुठेही मिळतो, त्यामुळे हत्यारांच्या पिशवीत आता मूठभर कापूस कायमचा असतो.

अडचण आहे ती मागच्या चाकाची, आणि त्यासाठीच हा धागा काढला आहे.

सायकल 26 इंची चाकांची, मागे सात दातेरी चकत्यांचे, आट्यांवर फिरवून बसणारे फ्रीव्हील, मागच्या रिंगला 36 स्पोक. माझे वजन 62 किलो. मागच्या कॅरिअरवर दोन्ही बाजूंना पिशव्या लावून एकूण 18 किलो सामान होते, त्यात सहा लिटर पाणीही आले. गणपती उठल्यानंतर एका रविवारी आम्ही हे सगळे सामान लादून पोहरादेवीपर्यंत जाऊन यायचे ठरवले. जाताना काहीच त्रास झाला नाही. परतताना दिग्रसच्या अलीकडे एका लहानशा खड्ड्यातून चाक गेले आणि मागून सतारीची तार तुटावी तसा आवाज आला. उतरून पाहिले तर रिंग ब्रेकच्या रबराला घासत होती आणि चेनच्या बाजूचा एक स्पोक हबजवळच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याजवळच्या, वाकणातून तुटून लोंबत होता. तुटलेले टोक मी घरी आणून भिंगाखाली पाहिले. तुटीचा अर्ध्याहून अधिक भाग काळपट व गुळगुळीत होता आणि उरलेला भाग चकचकीत, खरबरीत होता.

मिस्त्रीकाका चाळीस वर्षे याच व्यवसायात आहेत, तरीही त्यांना तो स्पोक बदलता आला नाही. चेनच्या बाजूचा स्पोक हबमध्ये ओवायचा तर आधी फ्रीव्हील उतरवावे लागते आणि माझ्या फ्रीव्हीलच्या आतील खाचांत बसणारा पाना त्यांच्याकडे नव्हता. छिन्नी लावून हातोड्याने ते सोडवण्याची त्यांची तयारी होती, पण मीच नको म्हटले. त्यांनी तुटका स्पोक शेजारच्या स्पोकला तारेने बांधला, मागचा ब्रेक सैल केला आणि मी हळूहळू घरी पोहोचले. पुढच्या आठवड्यात जिल्ह्याच्या ठिकाणी एका मोठ्या दुकानात नवा स्पोक घालून घेतला आणि चाकाचा आऊट, म्हणजे फिरताना दिसणारा वाकडेपणा, काढून घेतला. त्यानंतर दीडशे किलोमीटरच्या आत आणखी दोन स्पोक तुटले, दोन्ही चेनच्याच बाजूचे आणि दोन्ही वाकणातच. दुकानदारांचे म्हणणे असे की वजन जास्त आहे, सामान कमी करा. मला हे उत्तर पुरेसे वाटत नाही. गावाकडे एका सायकलवर दुधाचे चार कॅन जातात, गवताचे भारे जातात, आणि ती चाके वर्षानुवर्षे टिकतात.

माझे प्रश्न असे आहेत. एकाच बाजूचे आणि एकाच जागी स्पोक तुटण्याचे खरे कारण काय असावे? संपूर्ण चाक नवे घ्यावे, की आहे त्याच हबवर आणि रिंगवर नवे स्पोक विणून घेणे पुरेसे होईल? आणि आलापल्लीच्या पुढे, जिथे सायकलीचे दुकान मिळेल याची खात्री नाही, तिथे चेनच्या बाजूचा स्पोक तुटलाच तर फ्रीव्हील न उतरवता तात्पुरता काही उपाय करता येतो का?

याशिवाय चंद्रपूर ते गडचिरोली हा जंगलातला टप्पा आणि आलापल्लीच्या पुढचा रस्ता यांविषयी तिकडच्या कोणी अनुभवाने सांगितले तर फार आभारी राहीन. मुक्कामाची फारशी चिंता नाही. शाळा, आश्रमशाळा आणि गुरुदेव सेवा मंडळाची प्रार्थना मंदिरे यांच्या आधाराने मुक्कामाच्या रात्री पार पडतील असे वाटते.

प्रतिसाद, वर्ध्याहून

ताई, तुम्ही तुटलेले टोक भिंगाखाली पाहिले हे फार चांगले केले, कारण उत्तर तिथेच आहे. गुळगुळीत काळपट भाग म्हणजे तिथे तडा आधीच पडलेला होता आणि तो दिवसेंदिवस वाढत होता. चकचकीत भाग खड्ड्यात त्या क्षणी तुटला. म्हणजे दोष खड्ड्याचा नाही आणि बहुतांशी वजनाचाही नाही. धातू थकून तुटलेला आहे.

चाक फिरताना जमिनीलगत आलेले स्पोक क्षणभर सैल पडतात आणि वर जाताना पुन्हा ताणले जातात. 26 इंची चाकाचा घेर दोन मीटरपेक्षा किंचित जास्त असतो, त्यामुळे सातशे किलोमीटरमध्ये प्रत्येक स्पोक सव्वातीन लाखांहून अधिक वेळा असा सैल होऊन ताणला जाईल. मुळात ताण पुरेसा आणि सारखा असेल तर हा फरक स्पोक सहज सोसतो. ताण कमी किंवा असमान असेल तर स्पोक हबच्या भोकात हलत राहतो आणि वाकणाशी थकतो. चेनचीच बाजू का, तर फ्रीव्हीलला जागा देण्यासाठी त्या बाजूचे स्पोक उभट बसवावे लागतात, रिंग मधोमध राहावी म्हणून त्यांच्यावर ताण जास्त द्यावा लागतो, आणि पायडलचा जोरही प्रथम त्यांच्याकडेच येतो. दूधवाल्याच्या सायकलला एकच चकती असते. तिथे दोन्ही बाजूंचे स्पोक जवळपास सारखे तिरके बसतात, शिवाय ते जाडही असतात. तुमची तुलना योग्य होती, फक्त त्या चाकाची बांधणीच वेगळी आहे.

एक गोष्ट मात्र तपासून पाहा. चेन कधी मोठ्या चकतीवरून निसटून स्पोक आणि फ्रीव्हील यांच्या मध्ये अडकली होती का? तसे झाले असेल तर वाकणाजवळ ओरखडे दिसतील, आणि प्रत्येक ओरखडा म्हणजे पुढच्या तड्याची सुरुवात असते.

तीन स्पोक तुटले म्हणजे त्या बाजूचे उरलेले पंधराही तितकेच थकलेले आहेत. एकेक बदलत बसू नका, सगळे 36 नवे घ्या. हब आणि रिंग सरळ असतील तर तीच वापरा. मध्ये बारीक आणि दोन्ही टोकांना जाड असलेले स्टेनलेस स्टीलचे स्पोक आणि पितळी निपल (रिंगजवळ स्पोक आवळायचे नट) मिळाले तर उत्तम. मधला बारीक भाग किंचित लवतो आणि वाकणावरचा भार हलका होतो. चाक विणून झाल्यावर समांतर जाणाऱ्या स्पोकच्या जोड्या हाताने जोरात दाबायला सांगा आणि मग पुन्हा आऊट काढायला सांगा. हे काम घाईच्या दुकानात हमखास राहून जाते आणि मला वाटते तुमच्या चाकाचे नेमके तेच राहिले आहे. घरी आल्यावर एकाच बाजूचे स्पोक बोटाने छेडून ऐका. सगळ्यांचा सूर जवळपास एक लागला पाहिजे. शाळेत पेटी असेल तर तिच्यावर जुळवून पाहा.

रस्त्यातल्या उपायाचे विचारले आहे. नेहमीपेक्षा थोडा लांब स्पोक घ्या, त्याचे डोके कापा आणि ते टोक इंग्रजी झेडच्या आकारात वाकवा. असा स्पोक फ्रीव्हील न काढता हबच्या भोकात अडकवता येतो आणि त्यावर दोनशे किलोमीटर सहज निघतात. असे चार स्पोक करून सीटखालच्या नळीला चिकटपट्टीने बांधून ठेवा. फ्रीव्हील मात्र निघण्यापूर्वी एकदा योग्य पान्याने उतरवा आणि आट्यांना ग्रीस लावून परत बसवा, कारण पायडल मारताना ते रोज आवळत जाते आणि कोरडे बसवलेले फ्रीव्हील पुढे मोठा पाना लावूनही सुटत नाही.

आणि सहा लिटर पाणी मागच्या कॅरिअरवरून काढाच. दोन लिटर फ्रेमवर, बाकीचे पुढच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना न्या. पाणी कमी करू नका, त्याची जागा बदला.

प्रतिसाद, चामोर्शी तालुक्यातून

मॅडम, चाकातले मला कळत नाही, रस्त्याचे सांगतो. चंद्रपूर ते मूल आणि पुढे सावलीकडे जाताना जंगल लागते आणि त्या भागात वाघ आहे. सकाळी आठच्या आधी आणि दुपारी चारनंतर त्या पट्ट्यात सायकल असू नये. दिवाळीच्या सुमारास आमच्याकडे साडेपाच-पावणेसहाला सूर्य मावळतो आणि जंगलात त्याच्याही आधी अंधारते. रस्त्याच्या कडेला झुडपांजवळ खाली बसू नका किंवा वाकून काम करू नका. पंक्चर झाले तर ढकलत गावापर्यंत किंवा निदान मोकळ्या जागेपर्यंत जा. शौचालयाची गरज गावातच उरका, हे तुम्ही दोघी आहात म्हणून मुद्दाम सांगतो.

वैनगंगेचा पूल ओलांडला की गडचिरोली आले. चामोर्शीवरून मार्कंडा जवळच आहे, तिथले दगडी मंदिर पाहिल्याशिवाय जाऊ नका. आष्टी ते आलापल्ली रस्त्यावर लोहखनिजाचे जड ट्रक चालतात. समोरून दोन ट्रक येताना दिसले की रस्ता सोडून खाली उतरा, त्यात कमीपणा नाही. आलापल्लीला पोलीस ठाण्यात तुमचे येणे-जाणे कळवून ठेवा आणि रोख पैसे जवळ ठेवा. पुढे मोबाइलला रेंज मिळेलच असे धरून चालू नका. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडची वाट बंद पडते, पण दिवाळीपर्यंत नदी उतरलेली असते. धानाची कापणी चालू असेल, लोक शेतात भेटतील. माडिया ही इथली आदिवासी बोली बोलणाऱ्या म्हाताऱ्या माणसांशी सावकाश आणि सोपे मराठी बोला.

धागाकर्तीचे उत्तर, तीन आठवड्यांनंतर

दोघांचेही मनापासून आभार. वर्ध्याचे दादा, तुमचा अंदाज बरोबर निघाला. फ्रीव्हील उतरवल्यावर चेनच्या बाजूच्या नऊ स्पोकवर वाकणाजवळ ओरखडे दिसले. जुलैमध्ये एकदा चेन आत पडली होती आणि मी ती ओढून काढली होती. तेव्हा हात काळे झाले एवढेच लक्षात राहिले होते.

नवे 36 स्पोक आणि पितळी निपल नागपूरहून मागवले. चाक दिग्रसच्या मिस्त्रीकाकांकडूनच विणून घेतले. फ्रीव्हीलचा पाना मी दोन मागवले होते, त्यातला एक त्यांना दिला. जोड्या दाबण्याची पद्धत त्यांना ठाऊक होती. जुन्या काळ्या सायकलींचे चाक विणल्यावर ते जमिनीवर आडवे ठेवून रिंगवर दोन्ही हातांनी भार द्यायचे, त्याचे कारणही हेच, असे त्यांनी सांगितले. गियरच्या चाकांना तसे करायचे असते, हे मात्र त्यांना कोणी सांगितले नव्हते. उजव्या बाजूचे सगळे स्पोक शाळेच्या पेटीवर जुळवून पाहिले, दोन किंचित खाली लागले, ते अर्धा फेरा आवळले.

त्यानंतर सर्व सामान लादून, पाणी पुढे हलवून, कारंजा आणि यवतमाळ अशा दोन फेऱ्या मिळून सव्वादोनशे किलोमीटर चालवले. एकही स्पोक तुटला नाही आणि रिंगचा आऊट पुन्हा काढावा लागला नाही. झेडच्या आकाराचे चार स्पोक करून एक प्रत्यक्ष बसवून पाहिला; पक्कड धरायला हात सरावला की दहा मिनिटांत बसतो. चामोर्शीच्या दादांनी सांगितल्याप्रमाणे चंद्रपूर ते गडचिरोली हा टप्पा एका दिवसात न करता मूलला मुक्काम करून दोन दिवसांत करणार आहोत, म्हणजे जंगलाचा पट्टा दोन्ही दिवशी भर उन्हातच ओलांडला जाईल.

आता एवढेच विचारायचे आहे की मूलमध्ये दोन शिक्षिकांना एक रात्र राहता येईल अशी शाळा किंवा एखादे घर कोणाच्या माहितीत आहे का. असल्यास कृपया व्यक्तिगत निरोपातून कळवावे.