बुबुळ म्हणजे नेमकं काय?

पंचवटीकर: नेत्रदानाचं पत्रक मराठीत करतोय. ‘कॉर्निया’ला बुबुळ लिहिलं, बातम्यांत ‘बुबुळ प्रत्यारोपण’च असतं. दहावीतल्या मुलीनं पुस्तक पुढ्यात ठेवलं: पुढचा पारदर्शक पडदा ते पारपटल, त्यामागचा गडद, मांसल ते बुबुळ. म्हणजे आयरिस! शेजारच्या आजींना मसुदा वाचून दाखवला, तर म्हणाल्या, “माझं काळं काढून नेतील, मग डोळा पांढराच राहील का रे?” सही न करताच पेन खाली ठेवलं त्यांनी. काय लिहू?

सिडकोकर: पारपटलच लिहा. मृत्यूनंतर सहा तासांत घेतात आणि दुसऱ्याला बसवतात ते पारपटल, बुबुळ नव्हे. कॉर्निया लॅटिन ‘कॉर्नू’वरून, म्हणजे शिंग. आपलं ‘शृंग’ त्याच मुळातलं.

देवळालीकर: पारपटल आजींना कसं कळावं? माझी आई म्हणायची, “बुबुळावर फूल पडलंय.” फूल, म्हणजे पांढरा डाग, पडतं कॉर्नियावर. बोलीतलं बुबुळ म्हणजे डोळ्याचं अख्खं काळं, वरच्या काचेसकट. पुस्तकानं अर्थ अरुंद केला, लोक चुकलेले नाहीत.

सिडकोकर: बोलीत चालेल. पण ज्या कागदावर सही करायची, त्यात एका शब्दाचे दोन अर्थ नकोत.

सिन्नरकर: मला डोळ्यातल्या बाहुलीचं, म्हणजे बुबुळाच्या मधल्या काळ्या ठिपक्याच्या नावाचं, नवल वाटतं. लॅटिन ‘प्युपिला’ म्हणजे लहान मुलगी, बाहुली. संस्कृत कनीनिका, तीही मुलगीच. ग्रीक ‘कोरे’ तेच. समोरच्याच्या डोळ्यात आपली इवलीशी छबी दिसते ना, त्यावरून. काल नातीला मांडीवर घेऊन खिडकीपाशी बसलो होतो. तिच्या डोळ्यात मी, चष्मा, मागचा खिडकीचा गज, सगळं तिळाएवढं.

देवळालीकर: वा! मग रांजणवाडी घ्या. डॉक्टर ‘हॉर्डिओलम’ लिहितात, लॅटिनमध्ये जवाचा दाणा. पापणीच्या कडेला तेवढीच गाठ येते. आपल्याकडे मात्र जव सोडून थेट रांजण!

पंचवटीकर: आजींकडे परत गेलो. “बुबुळावरची पारदर्शक काच घेतात, काळं तसंच राहतं,” असं सांगितल्यावर मान हलवली. हेच छापू का? कंसात पारपटल?

सिडकोकर: काच नको. पटल आहे ते, काच म्हटलं की भिंग वाटतं.

सिन्नरकर: रांजणवाडीला आई तळहातावर बोट घासून गरम करायची आणि पापणीला लावायची. तुमच्याकडेही तसंच का?