मुंबईचा समुद्र आणि हुकलेल्या सहली: लिहा तुमचे अनुभव

अर्धंतिकीट
काल लेकीला राणीच्या बागेत नेलं होतं, पेंग्विन दाखवायला. रांग बघून बाईसाहेबांनी भाऊ दाजी लाड संग्रहालयाबाहेरच्या दगडी हत्तीपाशीच बसकण मारली. "हा इथे काय करतोय?" म्हटलं, हा मूळचा घारापुरीचा. याच्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं. १८६४ मध्ये इंग्रज उचलून न्यायला गेले, तर पडून तुकडे झाले. पुढे जोडून इथे उभा केला.

सांगता सांगता बाबा आठवले. मी दुसरीत. त्यांना सुट्टी सोमवारी, म्हणून एलिफंटाही सोमवारी. आईने पहाटे उठून दशम्या केलेल्या, मला नवीन फ्रॉक. गेटवेला पोचल्यावर कळलं, लेणी सोमवारी बंद. बाबा दोन मिनिटं गप्प. मग बंदराची फेरी मारणाऱ्या लाँचची तिकिटं काढली. डिझेलच्या वासाने आई नाकाला पदर लावून बसलेली आणि बाबा धुरकट हिरव्या ठिपक्याकडे बोट दाखवतायत, "ती बघ घारापुरी. तिथे आत त्रिमूर्ती आहे, चांगली वीस फुटी." दशम्या लाँचमध्येच संपल्या.

गंमत म्हणजे जन्म मुंबईत गेला, पण ती त्रिमूर्ती मी अजून बघितलेली नाही. तुमचं असं काही?

भेंडीबाजार_ते_भांडुप
घारापुरीची माकडं!!! बायकोच्या हातातली कोल्ड्रिंकची बाटली घेतली, झाकण फिरवून काढलं, प्यायला. मला घरी ते झाकण उघडत नाही म्हणून ती मला अजून त्या माकडाचं उदाहरण देते.

कुकरचीशिट्टी
वाचतेय. आमटी उतू जातेय, नंतर लिहिते.

सुकती_भरती
आमचं घर कोळीवाड्यातलं, म्हणून सांगतो. लोक भरतीची वेळ न बघता निघतात आणि मग हाजीअलीचा रस्ता पाण्याखाली म्हणून वैतागतात. आजीला घड्याळ कळत नव्हतं, भरती कळायची. तिथीची पाऊणपट करा, झालं. दशमी असेल तर दहा पाऊण साडेसात, म्हणजे सकाळ-संध्याकाळ साडेसातच्या आसपास पूर्ण भरती. पुनवेला बाराच्या सुमारास. अवस-पुनवेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाण्याला जोर कमी. थोडं मागेपुढे होतं, पण सहल हुकत नाही.

निवृत्त_मास्तर
वा! पाऊणकी! आम्ही पावकी, निमकी, पाऊणकी सगळं छड्या खाऊन पाठ केलं, उपयोग आज कळला.

सुकती_भरती
@मास्तर आमची आजी शाळेतच गेली नव्हती हो

ऐरोलीची_टिटवी
फ्लेमिंगो कुणीच नाही लिहिले? ऐरोलीहून वनखात्याची बोट निघते, ठाणे खाडीत. तिचीही वेळ भरतीवरच ठरते, तेव्हा वरचं गणित लागू. आम्ही फेब्रुवारीत गेलो. समोर हजारोंनी पक्षी, गुलाबी चादर पसरल्यासारखे, आणि आमचे हे दुर्बीण लावून "काही दिसत नाही गं, सगळं काळं आहे". पाच मिनिटं. नावाड्याने शांतपणे पुढची झाकणं काढून त्यांच्या हातात दिली.

बुधवारपेठी
पुण्याला मुळा-मुठा आहे. बोट नको, नाक धरलं की पुरे.

उजवी_चप्पल
पावसाळ्यात मरीन ड्राइव्ह. कॉलेजच्या ग्रुपसमोर शायनिंग मारायला त्या सिमेंटच्या तीन-चार पायांच्या ठोकळ्यांवर उतरलो. चप्पल सटकली ती थेट फटीत. खाली पाणी डुबुक डुबुक करतंय, चप्पल दिसतेय, हात पुरत नाही. एक चप्पल घालून चर्चगेट ते डोंबिवली, मध्ये दादरला गाडी बदलून. नाव तिथूनच पडलं. आता अक्कल आली, त्या ठोकळ्यांवर शेवाळ असतं, पाय गेला तर चपलेवर भागत नाही. कृपया उतरू नका.

मिठाची_बाहुली
जुहूला ऑगस्टमध्ये भाच्याने निळा फुगा म्हणून उचलला तो ब्लू बॉटल निघाला, जेलीफिशसारखा डसणारा समुद्री जीव. मागे हातभर निळा धागा असतो, डंख त्यात. पोर असं किंचाळलं की भेळवाला धावत आला. चोळू नका, नुसत्या हाताने ओढू नका. वाळूत मेलेला दिसला तरी डसतो.

अर्धंतिकीट
@बाहुली बापरे. बरा आहे ना?

मिठाची_बाहुली
हो गं, दहावीला आहे आता. निळा पेन सुद्धा जपून धरतो 😄

भेंडीबाजार_ते_भांडुप
भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाडीसकट रो-रो बोटीने गेलंय का कोणी? २०२० पासून ऐकतोय, योग येत नाही. सीगल येतात का मागे?

ऐरोलीची_टिटवी
थंडीत येतात. पण शेव-गाठ्या नका हो टाकू त्यांना. तळलेलं खायला ते काय आपले नातेवाईक आहेत?

कुकरचीशिट्टी
आले. आमटी गेली. काय लिहिणार होते तेच विसरले. अर्धंतिकीट, तू एकदाची जा गं एलिफंटाला. मी येते सोबत, दशम्या माझ्याकडून.

सुकती_भरती
पाऊस सरल्यावर जा, आता समुद्र खवळलेला असतो. जेट्टीपासून छोटी गाडी आहे, पायऱ्या मात्र सव्वाशेच्या आत-बाहेर.

अर्धंतिकीट
@कुकर नक्की! दिवाळीनंतर? फक्त एक अडचण आहे. नवीन नोकरीत मला सुट्टी सोमवारी असते.