युगांडात हापसे दुरुस्तीची सेवा: जाण्याआधी काय शिकावं?

सोलापूरकर_फिटर

सर्वांना सलाम. वय २४, आयटीआय फिटर, सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, तरुण संघात आहे. उत्तर युगांडातल्या किटगुम भागात, तिथल्या अँग्लिकन डायोसीसकडे (बिशपच्या हाताखालचा चर्चचा विभाग) जानेवारी ते मार्च हापसे दुरुस्तीच्या कामाला स्वयंसेवक म्हणून जायचं ठरतंय. जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

१) तिथला हापसा आपल्यासारखाच असतो का? पाने, सुटे भाग इथून न्यावेत का?
२) मंडळीतले काका म्हणतात, "सुवार्ता सांगायला जातोयस, पाने फिरवायला नाही." मला चारचौघांत साक्ष द्यायला, म्हणजे आपल्या विश्वासाबद्दल बोलायला, जमत नाही. तिथे उपदेशाची अपेक्षा असते का?
३) मंडळी वर्गणी काढतेय. "एक नवा बोअर पाडून ये" असं चाललंय. हे बरोबर आहे का?

हापसेवाला_जालना

भाऊ, तिथला हापसा म्हणजे आपल्याच घरचं लेकरू आहे. साठच्या दशकाच्या शेवटी आपल्याकडचे बिडाचे पंप वर्षभरात मोडून पडायचे, कारण ते एका कुटुंबाच्या वापरासाठी होते आणि इथे अख्खं गाव दांडा मारायचं. तेव्हा जालन्याच्या मिशनच्या कार्यशाळेत पोलादी पंप तयार झाला, सोलापुरात त्यात सुधारणा झाली, आणि सत्तरच्या दशकात युनिसेफने त्यावरून इंडिया मार्क टू बेतला. युगांडात त्याला यू-टू म्हणतात, त्याच्या पुढच्या आवृत्तीला, मार्क थ्रीला, यू-थ्री. म्हणजे सोलापूरच्या फिटरने तिथे जाणं तसं रीतीला धरूनच आहे.

डोक्यात ठेवायची मापं: सिलिंडरचा आतला व्यास ६३.५ मिमी, पाइप ३२ मिमीचे आणि ३ मीटर लांबीचे, सळई १२ मिमीची, आटे एम-१२, दांड्याचे बेअरिंग ६२०४. मिनिटाला ४० दांडे मारले तर धडधाकट हापसा साधारण १२ लिटर देतो, म्हणजे तिथला २० लिटरचा पिवळा जेरीकॅन पावणेदोन मिनिटांत भरतो.

उघडण्याआधी दोन चाचण्या कराव्यात. पहिली, ४० दांड्यांत किती पाणी पडतं ते मोजायचं. १० लिटरच्या खाली असेल तर बहुधा पिस्टनचे वायसर झिजलेत. दुसरी, हापसा अर्धा तास बंद ठेवायचा आणि कितव्या दांड्याला पाणी येतं ते मोजायचं. पाचाच्या वर गेलं तर खालचा व्हॉल्व्ह गळतोय किंवा पाइपाला भोक आहे. एवढं न करता थेट पाइप उपसायला घेतले की दिवस वाया जातो, आणि जुने आटे विनाकारण हलवल्याने नवीच गळती सुरू होते.

उपसणं हे अंगमेहनतीचं आणि धोक्याचं काम. साडेनऊ किलोचा एक पाइप. ३० मीटरवर सिलिंडर असेल तर पाइप, सळया, आतलं पाणी, सिलिंडर मिळून दीडशे किलोच्या पुढे. चार-पाच जण, उचलायचे पाने आणि स्वतःहून आवळणारी पाइप-क्लॅम्प हवीच. क्लॅम्पशिवाय नुसत्या पाइपपान्यावर भार तोलणारे बहाद्दर सगळीकडे असतात. गंजलेला आटा कपलिंगपाशी तुटतो, सगळी माळ बोअरच्या तळाला जाते, आणि मग हुक टाकून मासेमारी करत बसा.

आता खरं दुखणं. तिकडच्या पुष्कळ बोअरचं पाणी आम्लधर्मी आहे. पीएच ६.५ च्या खाली गेला की जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपावरचं जस्त उडतं आणि लोखंड गंजू लागतं. लक्षणं ठरलेली: पहाटे पहिलं पाणी तांबूस, दुपारी स्वच्छ; चव लोखंडाची; धुतलेल्या कपड्यांवर डाग; चहा काळा. बायका ते पाणी प्यायला सोडून देतात आणि पुन्हा ओढ्यावर जातात, हापसा चालू असूनही. यासाठी युगांडाच्या पाणी मंत्रालयाने २०१६ साली जीआय पाइप वापरणं थांबवायला सांगितलं, पण जमिनीखाली जुने पाइप अजून आहेतच. तिथे जुना काढून नवा जीआय बसवणं म्हणजे दोन-तीन वर्षांनी तेच रडगाणं.

न्यायचंच तर पाने नेऊ नका, ते तिथे मिळतात आणि विमानात जड पडतात. चांगला पीएच मीटर, मीटर जुळवायचे ४ आणि ७ पीएचचे द्राव (बफर) आणि पाण्याची पातळी मोजायची टेप न्या. पीएच बोअरपाशीच मोजायचा. बाटली भरून गावी आणली की पाण्यातला कार्बन डायऑक्साइड उडतो आणि पीएच चढलेला दिसतो, मग दोषी पाणी निर्दोष सुटतं.

पाळकघर

बाळा, काकांना माझा सलाम सांग आणि हेही सांग की युगांडात शंभरातले ऐंशीहून अधिक लोक ख्रिस्ती आहेत. २०१४ च्या जनगणनेत कॅथलिक सुमारे ३९ टक्के आणि अँग्लिकन ३२ टक्के होते. तू ज्या मंडळीत जाणार, तिने रक्त सांडलेलं आहे. १८८५ ते १८८७ या काळात राजाच्या हुकमाने मारलेल्या तरुण विश्वासूंचा दिवस ३ जूनला राष्ट्रीय सुटीने पाळतात. इदी अमीनच्या राजवटीत १६ फेब्रुवारी १९७७ रोजी मारले गेलेले आर्चबिशप जनानी लुवुम किटगुमजवळच्या मुचविनीचे, तिथेच त्यांची कबर आहे. १६ फेब्रुवारी तुझ्या मुक्कामातच येतो. त्या दिवशी काम ठेवू नकोस, मंडळीबरोबर जा.

साक्षीबद्दल. तिथे १९३० च्या दशकापासून पूर्व आफ्रिकेतल्या मोठ्या ख्रिस्ती धर्मजागृतीचा ठसा आहे. त्या परंपरेतल्या माणसांना बालोकोले म्हणतात, म्हणजे तारण पावलेले. ते सरळ विचारतात: तुझं तारण केव्हा झालं? आपल्याकडच्या तिसऱ्या पिढीच्या ख्रिस्ती मुलाची इथे भंबेरी उडते. "जन्मापासूनच ख्रिस्ती आहे" हे उत्तर त्यांना अर्धवट वाटतं. तारीख बनवून सांगू नकोस. घरात प्रार्थना कशी शिकलास, कोणतं वचन तुला धरून ठेवतं, ही सेवा का पत्करलीस, एवढं चार-पाच वाक्यांत तयार ठेव. पाहुण्याला रविवारी उभं करतातच. दुभाषी प्रत्येक वाक्यानंतर आचोली भाषेत सांगतो, म्हणून वाक्यं लहान हवीत आणि दोन-तीन मिनिटांत बसायला हवं. उपदेश करायला सांगितलंच तर विनयाने नाही म्हणायला हरकत नाही, पण अभिवादन टाळणं उद्धटपणा ठरतो.

आणखी एक. त्या भागाने १९८७ पासून २००६ च्या सुमारापर्यंत जोसेफ कोनीच्या बंडखोरांचं युद्ध सोसलं. दहा आज्ञांचं राज्य आणायचं म्हणत त्यांनी हजारो मुलं पळवली. म्हणून "देवाने मला तुमच्याकडे पाठवलं" असली भाषा बाहेरच्या माणसाने तिथे तोलून वापरावी. युद्धाच्या गोष्टी स्वतःहून विचारू नकोस. कोणी सांगू लागला तर ऐक.

सवयीच्या गोष्टी: दारू-सिगारेट पूर्ण वर्ज्य. अर्पणात कोंबडी, अंडी, शेंगदाणेही येतात आणि भक्तीनंतर त्यांचा लिलाव होतो. तिथे पाहुण्याने चढी बोली लावून गावकऱ्यांना हरवू नये. अंत्यविधी असेल तर हापशाचं काम थांबतं. त्यावर चिडचिड नको, मातीला जा. तुला लोक मुहिंदी म्हणतील, म्हणजे हिंदुस्थानी, आणि दुकानदार समजतील. हिंदुस्थानी माणूस ख्रिस्ती असतो याचं नवल वाटतं. तेव्हा नाशिकची गोष्ट सांगावी. गुलामगिरीतून सुटलेली आफ्रिकी मुलं नाशिकच्या शरणपुरात शिकली. त्यांच्यापैकीच विल्यम जोन्स १८८५ मध्ये बिशप हॅनिंग्टन यांच्याबरोबर युगांडाच्या वाटेवर होते. हॅनिंग्टन मारले गेले, मागे थांबलेला तांडा जोन्स यांनी किनाऱ्यावर परत आणला. तुमच्या-आमच्या मंडळ्यांचं नातं जुनं आहे, ते सांगायला उपदेशक असावं लागत नाही.

सिस्टर_मिरज

तब्येत आणि कागदपत्रांचं कोणीच बोललं नाही, म्हणून थोडक्यात.

पिवळ्या तापाची लस सरकारमान्य केंद्रातच घ्यायची. प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं आणि आयुष्यभर चालतं. ते नसेल तर युगांडात शिरताना अडवतात, आणि परत येताना आपल्याच विमानतळावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. प्रमाणपत्राचं पिवळं पुस्तक पासपोर्टलाच जोडून ठेवा.

मलेरिया तिथे बहुतेक फाल्सिपेरमचा, म्हणजे जिवावर बेतणाऱ्या प्रकारचा, क्लोरोक्विन उपयोगाचं नाही. डॉक्टर सहसा डॉक्सिसायक्लिन १०० मिग्रॅ रोज लिहून देतात: निघण्याआधी एक-दोन दिवस सुरू, परतल्यावर चार आठवडे चालू. लोक परत आले की गोळी सोडतात, ती चूक नडते. जेवणानंतर, भरपूर पाण्यासोबत घ्यायची आणि लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेला जखम होते. या गोळीने ऊन भाजतं आणि तुमचं काम उन्हातलं, म्हणून लांब बाह्या आणि टोपी. डॉक्सी सोसत नसेल तर दुसरे पर्याय आहेत, डॉक्टरांशी बोला. परतल्यावर काही महिन्यांत ताप आला तर "आफ्रिकेत होतो" हे पहिलं वाक्य असू द्या.

पर्यटक व्हिसावर सेवाकार्य करू नका. यजमान डायोसीसने पत्र देऊन योग्य परवाना काढायला हवा. "इथे आल्यावर बघू" म्हणाले तर तिकीट काढू नका. मुलांशी संबंध येणार असेल तर पोलिसांचा चारित्र्य दाखला मागतात. मागत नसतील तर उलट शंका घ्या. लहान मुलांचे फोटो मंडळीच्या ग्रुपवर टाकायचे नाहीत. आणि आपली पिन तिथल्या सॉकेटमध्ये जात नाही, तीन चौकोनी पिनांचं ॲडॅप्टर लागतं.

सोलापूरकर_फिटर

सर्वांचे आभार. काकांना पाळकसाहेबांचा निरोप वाचून दाखवला, गप्प बसले. हापसेवाले दादा, दोन शंका. पाणी तांबूस येतंय ते पाइपाच्या गंजाने की जमिनीतल्याच लोहाने, हे कसं ओळखायचं? आणि वर्गणीचं काय करू?

हापसेवाला_जालना

ओळखणं सोपं आहे, फक्त धीर लागतो. पहाटे, कोणी दांडा मारायच्या आधी, पहिलं पाणी पांढऱ्या बादलीत घ्या. मग सलग तासभर हापसा चालू ठेवा आणि दर दहा मिनिटांनी नमुना घेऊन ओळीत ठेवा. रंग उतरत जाऊन पाणी नितळ झालं तर गंज पाइपाचा. तासाभरानेही तांबूसच राहिलं, किंवा स्वच्छ दिसणारं पाणी बादलीत ठेवल्यावर पिवळं पडलं, तर लोह जमिनीतलं. पहिल्यात पाइप बदलून गुण येतो, दुसऱ्यात येत नाही.

बदलायला स्टेनलेस स्टील किंवा जाड यूपीव्हीसी (कडक प्लास्टिक). स्टेनलेसमध्ये ३०४ प्रतीचा सांगून हलक्या २०२ प्रतीचा माल गळ्यात मारतात. लोहचुंबकाने फरक कळत नाही, दोन्हीला तो चिकटत नाही; माल घेताना चाचणीचा दाखला मागायचा. स्टेनलेसचे आटे कोरडे आवळले की एकमेकांना चावतात आणि पुढच्या वेळी कापावे लागतात, म्हणून पिण्याच्या पाण्याला चालणारं ग्रीस लावायचं. आणि अर्धं स्टेनलेस, अर्धं जीआय अशी खिचडी नको, जीआय आणखी झपाट्याने जातं.

पाइप परत सोडताना निर्जंतुकीकरण विसरू नका. १२५ मिमीच्या बोअरमध्ये मीटरला सव्वाबारा लिटर पाणी असतं. ३० मीटर पाणी असेल तर सुमारे ३७० लिटर. लिटरला ५० मिग्रॅ क्लोरीन धरलं तर ३० टक्के क्लोरीनची टीसीएल (ब्लीचिंग पावडर) ६० ग्रॅमच्या आसपास लागते. आधी बादलीत कालवून, निवळी तेवढी ओतायची, रात्रभर ठेवायचं, सकाळी वास जाईपर्यंत उपसायचं. टीसीएल जुनी, ओलसर असेल तर तिच्यात क्लोरीन उरलेलाच नसतो. तोवर हापशाला साखळी घालून कोणी तरी बसायला हवं.

वर्गणीचं: नवा बोअर नको. नाव कोरलेली पाटी लावलेले आणि बंद पडलेले हापसे तिथे आधीच आहेत. तिथे जिल्ह्याजिल्ह्यात हापसा मेकॅनिकांच्या संघटना आहेत, गावात पाणी समिती असते, ती घराघरातून पैसे गोळा करते आणि मेकॅनिकला मजुरी देते. तुम्ही फुकट दुरुस्ती करत सुटलात की लोक पैसे द्यायचं थांबवतात, मेकॅनिक धंदा सोडतो, आणि एप्रिलमध्ये तुम्ही सोलापुरात असता. म्हणून त्याच्या हाताखाली काम करा, त्याची मजुरी समितीकडून त्यालाच मिळू द्या. वर्गणीतून पाइप बदलायचा खर्च उचलता येईल, तोही समितीने आपला वाटा भरल्यावरच, आणि पैसा डायोसीसच्या खात्यातून पावतीने जावा, तुमच्या खिशातून नाही.

निघण्याआधी डायोसीसला लिहून विचारा की बोअरच्या नोंदी आहेत का. नसतील तर पहिले काही आठवडे वहीच करा: गाव, खोली, पाण्याची पातळी, सिलिंडर किती मीटरवर, पाइप कशाचे, पीएच, ४० दांड्यांचं पाणी, कितव्या दांड्याला पाणी आलं, चौथऱ्याला भेगा आहेत का, सांडपाणी कुठे जातं, समितीची शेवटची वसुली कधी झाली. एक प्रत मेकॅनिककडे, एक जिल्हा पाणी अधिकाऱ्याकडे.

पाळकघर

वहीच्या तिसऱ्या प्रतीसाठी तिथल्या पाळकांचं नाव लिही. समितीची बैठक बऱ्याचदा रविवारी भक्तीनंतर चर्चच्या आवारातच भरते. वसुली कोणाची राहिली, हे त्यांना समितीच्या आधी माहीत असतं.

सोलापूरकर_फिटर

दादा, वहीचे रकाने आजच आखतो. पीएच मीटरला सेल कोणते लागतात, तिथे मिळतात का?

हापसेवाला_जालना

बऱ्याच मीटरना बटण-सेल लागतात, गावात मिळायची खात्री नाही. दोन जोड्या घेऊन जा. इलेक्ट्रोडचं टोक कोरडं पडू देऊ नका, टोपणात साठवणीचा द्राव थेंबभर ठेवा. साधं शुद्ध पाणी भरून ठेवलं तर इलेक्ट्रोड बिघडतो.