भाच्याला इंग्लंडच्या मिशनचा कॉल आलाय, तिकडं रोजचं जगणं कसं असतं?

खानापूरचा_मामा
भाचा १९ वर्षांचा. बहिणीचं घर लॅटर-डे सेंट्स, म्हणजे लोक ज्यांना मॉर्मन म्हणतात त्या चर्चमधलं. त्याला दोन वर्षांसाठी उत्तर इंग्लंडचा कॉल, म्हणजे धर्मप्रचाराच्या सेवेसाठी चर्चचं बोलावणं, आलाय. गावात सगळे विचारालेत, हा तिकडं नेमकं करणार काय? पगार नाही म्हणे, मोबाईलही बंद म्हणे. खरं काय ते सांगा. बॅगेत काय घालायचं? पोरगा शाकाहारी आहे, स्वयंपाकाचा गंध नाही. एक किलो कुंदा बांधून द्यायचा विचार आहे, चालतो काय?

माजी_एल्डर
मामा, पगार नाही हे खरं. उलट घरच्यांनी दरमहा काही भरायचं असतं. अमेरिकेतल्या घरांना २०२० पासून महिना ५०० डॉलर आहेत. तो आकडा बघून घाबरू नका, आपल्याकडचं शाखा अध्यक्षांशी, म्हणजे तिथल्या मंडळीच्या प्रमुखांशी, बसून कुवतीप्रमाणे ठरतं. तिकडं जेवणाखाण्याला मिशनकडून कार्डावर ठरावीक रक्कम येते. ती पहिल्या पंधरा दिवसांत बाहेरच्या खाण्यावर उडवली की उरलेला महिना ब्रेड आणि बीन्सवर काढावा लागतो. नव्या पोरांचं हे हमखास होतं.

मोबाईल बंद ही जुनी गोष्ट. फेब्रुवारी २०१९ पासून घरी दर आठवड्याला फोन किंवा व्हिडिओ कॉल करता येतो. तो तयारीच्या दिवशी, बहुतेक ठिकाणी सोमवारी. त्याच दिवशी कपडे धुणं, बाजार, केस कापणं, खोली झाडणं. हिवाळ्यात इंग्लंड आपल्या साडेपाच तास मागं, उन्हाळ्यात साडेचार. तो सकाळी अकराला बोलला तर हिवाळ्यात तुमच्याकडं साडेचार वाजलेले असतील. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांचं घड्याळ बदलतं. त्या आठवड्यात ताईंना आधी सांगून ठेवा, नाहीतर फोन आला नाही म्हणून उगीच जीव टांगणीला.

दिवस असा: ६:३० ला उठणं, अर्धा तास व्यायाम, आंघोळ, नाश्ता, मग अभ्यास. आधी एकट्याचा, मग जोडीदाराबरोबर, म्हणजे सोबत नेमलेल्या दुसऱ्या प्रचारकाबरोबर. बाहेर पडेपर्यंत दहा वाजतात. मग ठरलेल्या भेटी, रस्त्यावर लोकांशी बोलणं, कुणाची बाग साफ कर, कुणाचं सामान हलव. रात्री १०:३० ला झोप. मिशन अध्यक्ष वेळा थोड्या पुढंमागं करतात. महिन्यातून एका रविवारी, सहसा पहिल्या, दोन वेळचा उपास.

अवघड भाग प्रचार नव्हे, जोडीदार. चोवीस तास एकमेकांच्या नजरेच्या आणि हाकेच्या टप्प्यात राहायचं. निवड आपली नसते, आणि साधारण दर सहा आठवड्यांनी बदली येऊ शकते. भांडणं धर्मावरून होत नाहीत, सिंकमधल्या भांड्यांवरून होतात. म्हणून निघायच्या आधी महिनाभर त्याला कपडे, भांडी आणि वरण-भात शिकवा. बाकीचं तिकडं शिकवतात.

आणि चोवीस महिने म्हणजे बाँड नव्हे. तब्येत बिघडली, मन लागलं नाही, तर परत येता येतं.

ब्रॅडफर्डचा_बेळगावकर
कुंदा घरातच ठेवा! ब्रिटनमध्ये भारतातून प्रवाशाला दूध आणि मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत, आणि कुंदा म्हणजे निव्वळ खवा. विमानतळावर काढून घेतात. शेंगाची चटणी द्या, पण दोन पिशव्यांत. तेल सुटलं की पांढरे शर्ट गेलेच. गव्हाचं पीठ, तूरडाळ इथं आशियाई दुकानांत मिळते, त्यासाठी वजन वाया घालवू नका. जेवायला बोलावणाऱ्या घरांना शाकाहारी आहे हे आदल्या दिवशीच कळवायला सांगा. दारात उभं राहून सांगितलं तर ताटात नुसता बटाटा.

चहाचं मात्र कठीण. त्यांना चहा-कॉफी वर्ज्य, आणि इथं दार उघडलं की आधी चहाच विचारतात. पाणी किंवा ज्यूस मागायची सवय लावून घ्यावी.

बूट हा सर्वांत महत्त्वाचा खर्च. पाणी न शिरणारे, जाड तळव्याचे, काळे, दोन जोड, एक दिवसाआड घालायचे. ओला बूट हीटरला लावून वाळवला की चामडं तडकतं. नवे बूट निघायच्या तीन आठवडे आधीपासून घालून चालायला लावा, नाहीतर पहिल्याच आठवड्यात टाचा सोलतात. जाड कोट बेळगावच्या खडेबाजारातून घेऊ नका, इथं जुन्या कपड्यांच्या धर्मादाय दुकानांत स्वस्त मिळतो. थर्मल आतले मात्र आणा.

डिसेंबरात दुपारी चारच्या सुमारास अंधार पडतो. सायकल मिळाली तर पुढं पांढरा आणि मागं लाल दिवा कायद्यानं लागतो. खोलीत ओले कपडे वाळत टाकून खिडक्या बंद ठेवल्या की भिंतीला काळी बुरशी धरते. रोज दहा मिनिटं खिडकी उघडायची. आपला तीन पिनांचा प्लग इथं बसत नाही, अडॅप्टर लागतो. व्होल्टेज तेच.

कॅम्प_कागदपत्रं
आधी नाव तपासा. आपल्या सीमाभागातल्या पोरांचं बऱ्याचदा असं होतं की एसएसएलसीच्या (दहावीच्या) मार्कशीटवर नुसती आद्याक्षरं, आधारवर बापाचं नाव मधे घालून पूर्ण नाव, आणि पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा. मग तिकीट एका नावाचं, व्हिसा दुसऱ्या. शिवाय प्रचारकाच्या छातीवरच्या नावाच्या काळ्या पट्टीवर ‘एल्डर’ या पदवीपुढं आडनावच येतं. पासपोर्ट दुरुस्तीचा अर्ज बेळगावच्या हेड पोस्टातल्या केंद्रात देता येतो. हे व्हिसाच्या आधी, नंतर नव्हे.

सहा महिन्यांवरच्या ब्रिटिश व्हिसाला क्षयरोग तपासणीचा दाखला लागतो, आणि तो त्यांच्या यादीतल्या दवाखान्याचाच. शेजारचा एक्सरे चालत नाही. दाखला सहा महिनेच चालतो, म्हणून घाईघाईनं आधी काढू नका. व्हिसाची प्रक्रिया चर्चचं कार्यालय सांगतं. मधे कुणी एजंट पैसे मागत असेल तर देऊ नका.

खानापूरचा_मामा
पासपोर्ट बघितला, आडनावाचा रकाना रिकामाच आहे. ट्रेनिंग इथंच घरून व्हायचं काय तिकडं?

माजी_एल्डर
हल्ली पहिले काही दिवस घरूनच, ऑनलाइन. मग केंद्रावर, इंग्लंडमधलं केंद्र लँकशरमध्ये चॉर्लीला, चर्चच्या प्रेस्टन मंदिराशेजारी. कोणत्या केंद्रावर जायचं ते कॉलच्या पत्रात असतंच. घरच्या दिवसांत रेंज आणि वीज दोन्ही लागतात. तुमच्या बाजूला पावसाळ्यात दोन्हींचा भरवसा नाही, तेवढे दिवस बेळगावात टिळकवाडीत कुणा नातेवाइकाकडं ठेवा.