बायांना "भो" म्हटलं तर चालतं का?

रावेरकर: मी केळीच्या पॅकहाऊसवर सुपरवायझर आहे, फण्या धुवायला-भरायला जास्त करून बायाच असतात, आणि लहानपणापासूनची सवय म्हणून गाडी लागली की माझी सगळ्यांना एकच हाक, चला भो आवरा लवकर. कोणी कधी काही बोललं नाही. आता क्वालिटी बघायला नवीन मॅडम आल्यात पुण्याकडच्या, त्यांना परवा "काय भो, झालं का" म्हटलं तर सरळ म्हणाल्या, मी तुमचा भाऊ नाहीये, नावाने बोला. खूप वाईट वाटलं हो. आपल्याकडे भो म्हणजे नुसती हाक ना?

तापीकाठ: हाकच. जळगावला कॉलेजात आम्ही मैत्रिणी एकमेकींना भो म्हणायचो, भाऊ वगैरे डोक्यात पण यायचं नाही. पण त्यांना हे कुठून माहीत असणार. सॉरी म्हणा, नावाने बोला, विषय संपला.

भुसावळची लेक: नाही संपला ताई. आम्हाला सर्रास "अरे" म्हणतात, आम्ही चालवून घेतो, पण एखाद्या माणसाला "अगं" म्हणून बघा, केवढा राग येईल त्याला. म्हणजे सगळ्यांसाठी म्हणून जो शब्द धरतात तो दरवेळी पुरुषांकडूनच आलेला. वापराने शब्द बदलतो हे मान्य, 2007 ला आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या प्रतिभाताई निवडून आल्या तेव्हा बाईला राष्ट्र"पती" कसं म्हणायचं यावर किती चर्चा झाली, आता द्रौपदी मुर्मूंना म्हणताना कोणी अडखळत पण नाही. पण दरवेळी आम्हीच का सवय करून घ्यायची?

अमळनेरकर: आमच्या अहिराणीत आजी पण "मी जास" म्हणते आणि आजोबा पण "मी जास", जातो-जाते नाहीच. तो करस, ती करस. (मागचं सांगताना मात्र तो उना, ती उनी.) बाकी रावेरकर भाऊ, कोणी बोललं नाही म्हणजे चालतं असं नसतं, रोजंदारीवरची बाई सुपरवायझरला काय बोलणार? विचारा एकदा.

रावेरकर: विचारलं काल जेवायच्या सुट्टीत. एक मावशी हाताचा चीक खरवडत होती, म्हणे भो म्हण खुशाल, पण ते "ए बाई, ए बाई" बंद कर, मले नाव आहे. मी असं म्हणतो हे माझ्या लक्षातच नव्हतं. 26 जणी आहेत, कालपासून नावं पाठ करतोय.