मदत हवी आहे : आईला मेलबर्नला थेट पाठवू की सिंगापूरमार्गे?

नमस्कार मंडळी. ताईच्या बाळंतपणासाठी आई कोल्हापुरातून मेलबर्नला निघालीय, एकटीच आणि पहिल्यांदाच. गुडघे दुखतात, इंग्रजी येत नाही.

मुंबई–मेलबर्न हवाई अंतर जवळपास ९,८०० किमी, थेट विमानाला साधारण १२ तास. सिंगापूर वाटेवरच असल्यानं तिकडून अंतर फारसं वाढत नाही: आधी ३,९००, मग ६,००० किमी. वेळ खातो तो मधला थांबा. पण सलग १२ तास बसणं तिला झेपेल का, हीच काळजी. त्याआधी मुंबईपर्यंत रात्रभर ट्रॅव्हल्सचा प्रवास आहेच.

कुणी आईवडिलांना असं पाठवलंय का? सिंगापूरला व्हीलचेअरवाले पुढच्या विमानापर्यंत नेऊन सोडतात का? थांबा किती तासांचा ठेवावा? कृपया अनुभव सांगा, तिकीट याच आठवड्यात काढायचंय.